भूल आहे माझी

सोमवार, ता. ३

पंधरा दिवस दाढ दुखत होती, पण मी कुणाला सांगितलं नाही. सांगितल्याने दुखणं कमी होतं असा माझा अनुभव नाही. आज मात्र छापखान्यात भूगोलाच्या पुस्तकाची प्रुफं वाचताना 'समुद्रसपाटी'मध्ये एक 'स' जास्तीचा पडला होता आणि तो माझ्या नजरेतून सुटला. टाइप करणाऱ्या बाईंनी पकडला. छत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. बाईंनी त्यावर नुसतं बोट ठेवलं. माझं तोंड एवढंसं झालं, म्हणजे डावीकडून. उजवीकडून ते टम्म सुजलेलं होतं. तसाच उठलो आणि दातांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी जबड्याचा फोटो काढून समोर धरला. खाली अगदी मागे अक्कलदाढ आडवी झोपली आहे, शेजारच्या दाढेच्या पाठीला डोकं टेकून, आणि तिच्याखाली पाण्याची गाठ झाली आहे. काढावीच लागेल. अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्कल आली आणि तीही आडवी, असं मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत. हा विनोद त्या रोज ऐकत असाव्यात.

तोंडात नुसता आरसा घातला तरी मला उमासे येतात, त्यात रक्तदाब. त्यामुळे हिरडीत सुई टोचून भागणार नाही, पूर्ण भूल द्यावी लागेल. शिवाय दाढेच्या मुळाशी ओठाकडे जाणारी नस आहे, तिला धक्का लागला तर खालचा ओठ काही महिने बधिर राहू शकतो. हे सगळं बाईंनी हवामान सांगावं तसं सांगितलं.

बाहेर काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला आणि म्हणाली, काका, वीस तारखेला गुरुवारी तुमची भूल आहे. मी तिला सांगितलं की भूल देतात, भूल उतरते, ती काय परीक्षेसारखी कुणाची 'असते'? ती म्हणाली, हो काका, फॉर्म भरा. फॉर्ममध्ये 'शस्त्रक्रीया' दीर्घ छापलं होतं, ते ऱ्हस्व केलं. 'सोबत येणाऱ्या जवळच्या नातेवाईकाचे नाव' असं होतं, तिथे 'नातेवाइकाचे' केलं. विभक्ती लागली की तो 'ई' ऱ्हस्व होतो हे शाळेत शिकवतात, पण शिकतं कोण. मग त्या रेघेवर माझ्या हाताने आपोआप बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. ते खोडलं. मुलीला म्हणालो, एवढं नंतर भरून देतो.

बुधवार, ता. ५

भीती वाटते हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. दाढेची नाही वाटत, भुलीची वाटते. आकडे मोजायला सांगतात आणि माणूस सातच्या पुढे जात नाही म्हणे. त्या वेळात आपलं तोंड उघडं, जीभ बाहेर, आणि चार अनोळखी माणसं वाकून बघताहेत. आपण काय बोलू, काय करू, काही आपल्या हातात नाही. सगळा जन्म मी दुसऱ्यांच्या चुका डोळ्यांत तेल घालून पाहिल्या. माझ्यावर नजर ठेवायला तिथे कोण असणार?

बायको गेली त्याला पाच वर्षं होतील. तिचीही शस्त्रक्रिया साधीच होती. भूल उतरली, ती बोलली, आणि तासाभराने बिघडलं. त्या दिवशी शाळेची पुस्तकं छपाईला जायची होती. शेवटचे दोन फॉर्मे, सोळा-सोळा पानांचे, माझ्याच टेबलावर होते, मी उठलो असतो तर मशीन थांबलं असतं. मुलगी होती तिथे. मी साडेचारला पोचलो. आधी कुणाला काय ठाऊक होतं?

आज उजव्या बाजूने काही चावलं नाही. दूध प्यायलो.

शनिवार, ता. ८

टाइपवाल्या बाई म्हणाल्या, सर, मी येते तुमच्यासोबत, एक दिवस रजा टाकते. चांगली बाई आहे. मी म्हटलं, फॉर्मवर 'नातेवाइकाचे' असं लिहिलं आहे, तुम्ही नातेवाईक नाही. त्या म्हणाल्या, अहो, कोण बघतंय. मी म्हटलं, मी बघतो. त्यांनी विचारलं, मग मुलगी? मी प्रुफं पुढे ओढली.

मुलीचं लिहूनच टाकतो. ती याच शहरात राहते, बसने चाळीस मिनिटं. चार वर्षांपूर्वी तिने मला पत्र पाठवलं होतं, हाताने लिहिलेलं, चार पानी. आई गेली त्या दिवसाबद्दल. रागाचं होतं आणि फार घाईत लिहिलेलं होतं. मी ते नीट वाचलं. लहानपणी तिचे सगळे निबंध मी तपासायचो, लाल पेन घेऊन ती माझ्याशेजारी बसायची, तो आमचा खेळच होता. त्या आठवणीने मी लाल पेन घेतलं. 'आणी' सहा ठिकाणी दीर्घ होतं. 'आई तुमची वाट पहात होती' असं लिहिलं होतं, तिथे 'पाहत' केलं. तिसऱ्या पानावर एक वाक्य अकरा ओळींचं होतं, त्याच्या समासात 'वाक्य तोडावे' असं लिहिलं. एकूण एकतीस चुका. शेवटी 'आशय चांगला' असा शेराही दिला, म्हणजे तिला बरं वाटावं. आणि पत्र तिच्या पत्त्यावर परत पाठवलं.

तिचं उत्तर आलं नाही. नंतर फोन केला तर उचलला नाही. एवढ्याशा गोष्टीवरून माणसं दात धरतात. ती तर माझी मुलगी. तिला कळायला हवं होतं की एवढ्या बारकाईने कुणी वाचतं ते कशामुळे.

मंगळवार, ता. ११

काउंटरवरच्या मुलीचा फोन. सोबत येणाऱ्याचं नाव सोमवारपर्यंत हवं, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल. मी विचारलं, कोणी आलंच नाही तर? ती म्हणाली, मग भूल देत नाहीत काका. संध्याकाळी घरी सोडताना कुणाच्या तरी हाती द्यावं लागतं. शेजारी, मित्र, कुणीही चालेल. मी म्हटलं, मग 'नातेवाईक' कशाला छापता? ती म्हणाली, तसाच छापून आलाय फॉर्म.

शेजारी चालेल हे काही मला पटलं नाही. लिहिलं आहे ते लिहिलं आहे.

गुरुवार, ता. १३

गाल पुन्हा सुजला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलून दिल्या आणि दटावलं की आता पुढे ढकलू नका, गाठ हाड खाते आहे.

मुलीला लिहायला बसलो. दीड पान झालं. वाचून पाहिलं तर 'मी' हा शब्द चौदा वेळा आला होता, ते बरं दिसत नाही म्हणून निम्मे काढले. मग उरलेली वाक्यं लंगडी झाली, ती काढली. अर्धं पान राहिलं. त्यात तिच्या आईचा उल्लेख होता. तो कुठे घालावा हे ठरेना, म्हणून तोही काढला.

शनिवार, ता. १५

पत्र पोचायला वेळ जाईल म्हणून फोनवरून निरोप पाठवायचं ठरवलं. सकाळचा मसुदा असा होता: 'अक्कलदाढ काढायची आहे. भूल आहे माझी, पूर्ण. सोबत कुणीतरी लागतं. गुरुवारी सकाळी आठला घरी येशील का? बाबा.'

पहिलं वाक्य तक्रारीसारखं वाटलं. दाढ काढायची म्हणून चार वर्षांनी मुलीला हाक मारली, असं दिसतं ते. काढून टाकलं. 'पूर्ण' हा शब्द नसला तरी अडत नाही. तोही काढला. दुपारी तीनला पाठवलं:

'भूल आहे माझी. सोबत कुणीतरी लागतं. गुरुवारी सकाळी आठला घरी येशील का? बाबा.'

चांगला निरोप झाला. एक शब्द जास्त नाही की कमी नाही. पाठवल्यावर मात्र फोन रात्रीपर्यंत हातातून खाली ठेवला नाही.

रविवार, ता. १६

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो: 'बाबा, वाचुन अर्धा तास रडले. येते. आठच्या आधीच येते.'

दाढेसाठी अर्धा तास रडायचं म्हणजे कमाल आहे. तिच्या आईच्या माहेरी सगळ्यांचंच असं, डोळ्यांत पाणी कायम तयार. 'वाचुन' ऱ्हस्व लिहिलं आहे. कळवलं नाही.

जीव भांड्यात पडला हे खरं. दवाखान्यात फोन करून काउंटरवरच्या मुलीला नाव सांगितलं. तिने विचारलं, नातं काय? मी म्हटलं, मुलगी. मोठ्याने म्हटलं असावं, कारण जिन्यातून जाणाऱ्या शेजाऱ्याने वळून पाहिलं.

मंगळवार, ता. १८

टाइपवाल्या बाईंना दोन्ही निरोप दाखवले. त्यांनी माझा वाचला, तिचा वाचला, पुन्हा माझा वाचला. मग फोन टेबलावर ठेवला आणि विचारलं, तिला दाढेचं माहीत आहे का? मी म्हटलं, लिहिलंय की, भूल आहे म्हणून. त्यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "सर, आज तिला एक फोन करा. आजच." मी म्हटलं, ती कामावर असेल, कशाला तिचा वेळ घ्या, गुरुवारी भेटणारच आहोत. बाई कामाला लागल्या, पण नंतर दिवसभर त्यांचं टायपिंग वाईट होतं. एका पानावर नऊ चुका.

घर आवरलं. तिच्या खोलीतल्या पलंगावर मी जुने अंक रचून ठेवले होते, ते खाली काढले. गुरुवारी राहिली तर असावं.

शुक्रवार, ता. २१

काल लिहिता आलं नाही. आज तोंडात कापसाची घडी आहे, खालचा ओठ उजवीकडून मेल्यासारखा आहे, पण हात चालतो. क्रमाने लिहितो.

ती पावणेआठला आली. बारीक झाली आहे. कानांमागे दोन पांढरे केस. दारातच उभी राहिली आणि मी म्हटलं, पाय पूस. ती हसली. आत येऊन बसली आणि पर्समधून फोन काढून माझा निरोप माझ्यासमोर धरला. म्हणाली, "तीन शब्द बाबा. चार वर्षं मी या तीन शब्दांसाठी थांबले होते."

भूल आहे माझी. मी ते तिच्या हातातल्या काचेवर वाचलं. असंख्य वेळा वाचलं होतं, पण तिच्या बाजूने आत्ता पहिल्यांदा वाचलं. 'सोबत कुणीतरी लागतं', तेही वाचलं. ज्या माणसाच्या नजरेतून काना सुटत नाही त्याच्या नजरेतून हे सुटलं होतं.

ती बोलत होती. तिचंही चुकलं असेल, ते पत्र रागाच्या भरात लिहिलं होतं, लाल खुणांचं पाकीट उघडलं त्या दिवशी ती जिन्यातच बसून राहिली होती, पण आता ते जाऊ द्या म्हणाली. चहा टाकू का विचारलं. मी म्हटलं, मला काही घ्यायचं नाहीये. का, तर उपाशी राहायला सांगितलंय. कुणी? तोवर तिला दाराशी भरून ठेवलेली पिशवी दिसली, वर दवाखान्याची फाइल.

फाइल तिने उघडली. मला ती ओढून घेता आली असती, मी घेतली नाही. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आहे, भूल देण्यापूर्वीच्या सूचना. तिने पान पूर्ण वाचलं, तिची ती सवय माझीच आहे. मग फाइल बंद करून मांडीवर ठेवली.

"ही भूल," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

हो म्हणालो कारण ते बरोबर होतं. मी ते वाक्य दाढेसाठीच लिहिलं होतं, दुसरं काही मनात नव्हतं, आणि विचारल्यावर खोटं कसं बोलायचं? सकाळपासून याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतो आहे. नाही म्हणालो असतो तर ते खोटं ठरलं असतं का? पत्र परत पाठवून मी तिला दुखावलं हे मला काल जिन्याचं ऐकून कळलं. खरं सांगायचं तर आधीही कळलं होतं, मी ते कळून घेतलं नव्हतं. मग 'ही पण आणि ती पण' असं म्हणायला कुणी माझं तोंड धरलं होतं का? दातखीळ बसल्यासारखा बसून राहिलो. मला माझी लाज वाटते.

ती उठली. मला वाटलं जाते. तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, चला, नऊची वेळ आहे ना. रिक्षात ती बाहेर बघत होती.

फॉर्मवर तिने सही केली. नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं. मला आत नेताना मी मागे वळून पाहिलं, ती भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होती, माझा चष्मा हातात धरून. मग दिवे, थंडी, हातात सुई. मी पाचपर्यंत मोजलं.

पुढचं आठवतं ते एकदम दुपारचं. घसा कोरडा, तोंड जड, आणि ती पलंगाजवळ उभी राहून डॉक्टरीणबाईंच्या सूचना कागदावर लिहून घेत होती. डोळे लाल. ती बाहेर औषधं आणायला गेली तेव्हा सिस्टर सुई काढता काढता मला म्हणाली, काका, रडवलंत हो पोरीला. मी खुणेनेच विचारलं, काय झालं? ती म्हणाली, भूल उतरताना अर्धा तास बोलत होता तुम्ही, तिचा हात सोडत नव्हता. पण आठवत नाही कुणालाच, काळजी करू नका.

घरी आल्यावर मुलीने औषधं टेबलावर वेळेप्रमाणे मांडली, गार दुधाचा पेला ठेवला, संध्याकाळी सूज बघितली. मी पाटीवर लिहून विचारलं, मी काय बोलत होतो? ती म्हणाली, काही नाही, नीट कळलं नाही. तिच्या खोलीकडे तिने पाहिलंही नाही. सात वाजता गेली. पुन्हा कधी येणार हे मी विचारलं नाही.

शनिवार, ता. २२

ओठ तसाच. दूध प्यायलो की हनुवटीवरून ओघळतं आणि मला पत्ता लागत नाही. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, नस दुखावली आहे, तीन महिने, सहा महिने, वाट पाहायची.

मला ओठाचं काही वाटत नाही. त्या अर्ध्या तासाचं वाटतं. मी तिच्याशी अर्धा तास बोललो आणि त्यातला एक शब्द मला माहीत नाही. आयुष्यात एवढा वेळ मी तिच्याशी सलग कधी बोललो नसेन. काय बोललो असेन? तिथेही तिची एखादी चूक तर काढली नाही ना? सिस्टर म्हणाली ती रडली. मी रडवेन असंच काहीतरी बोललो असणार, मला माझा स्वभाव माहीत आहे.

टाइपवाल्या बाई येऊन गेल्या. सगळं पाटीवर लिहून सांगितलं. त्यांनी पाटी पुसली आणि म्हणाल्या, तिलाच विचारा.

रविवार, ता. २३

सकाळी दहाला फोन केला. तिने उचलला. माझे 'प' आणि 'ब' निघत नाहीत, 'बाबा बोलतोय' हे तिला तीनदा सांगावं लागलं. दुखतंय का, गोळ्या घेतल्या का, तिने विचारलं. हो म्हटलं. मग मी विचारलं, त्या अर्ध्या तासात मी काय बोलत होतो? ती म्हणाली, बाबा, जाऊ द्या. मी म्हटलं, नको, सांग, असेल तसं सांग, मी मध्ये बोलणार नाही.

तिने तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुम्ही मला ओळखलंच नाहीत. सिस्टर समजत होतात. अहो जाहो करत होतात. माझा हात धरून सारखं विचारत होतात, माझी मुलगी आली का? मी म्हणत होते, बाबा, मीच आहे, मी आलेय. तर म्हणायचात, तुम्ही नाही हो, माझी मुलगी, ती आली का ते बघा ना जरा बाहेर."

मी मध्ये बोललो नाही.

"दोनदा बाहेर जाऊन आले," ती म्हणाली. "खरंच गेले. तुम्ही ऐकेनात म्हणून."

मग तू काय सांगितलंस, मी विचारलं.

"वाटेत आहे म्हटलं. निघालीये, पोचेलच." ती म्हणाली. "आईलाही त्या दिवशी तेच सांगत होते मी. तुमच्याबद्दल."